वास्कोच्या भंगारात मिळालेला ‘जर्मन’ पिस्टन: ओळख कशी पटवावी आणि गोव्याच्या हवेत असे भाग कसे जपावेत?

प्रश्न: फोंड्याहून

नमस्कार. जुन्या जर्मन विमान-इंजिनांचे सुटे भाग जमविण्याचा छंद मला चार वर्षांपूर्वी लागला. माझे वडील मांडवीकाठच्या एका बार्ज-दुरुस्तीच्या कारखान्यात लेथवर होते. सुटीच्या दिवशी ते मला सोबत नेत, आणि तेलकट चिंध्यांवर मांडून ठेवलेल्या बेअरिंगच्या कवचाची कड बोटाने कशी तपासायची हे त्यांनीच मला शिकविले. विमानांच्या इंजिनांकडे मी वळलो तो मात्र वाचनातून. डाइमलर-बेंझचे डीबी ६०१ हे बारा सिलिंडरांचे इंजिन विमानात उलटे बसविलेले असे, म्हणजे क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली. त्याला कार्ब्युरेटर नव्हताच, बॉशचा पंप प्रत्येक सिलिंडरात इंधन थेट फवारीत असे, आणि म्हणूनच वैमानिकाने एकाएकी नाक खाली करून विमान झोकून दिले तरी इंजिनाचे इंधन तुटत नसे. हे वाचल्यापासून त्या कारागिरीचा एखादा तुकडा तरी आपल्या हाती यावा असे वाटू लागले.

आज माझ्याकडे चार वस्तू आहेत. पहिली म्हणजे जाड दांड्याची एक एक्झॉस्ट झडप. जर्मनीहून परतलेल्या नातेवाइकाने ती तेथील जुन्या बाजारातून आणली असून ती डीबी ६०१ नंतरच्या डीबी ६०५ या इंजिनाची आहे असे त्यांना सांगण्यात आले होते. दुसरी वस्तू इंजिनाचे फेरे दाखविणारे घड्याळ. त्याच्या तबकडीवर ‘एफएल’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक आहे आणि एके काळी अंधारात चमकणारे आकडे आता तपकिरी पडले आहेत. तिसरी वस्तू एका गिअर-पेटीचे ओतीव झाकण, युंकर्स कंपनीच्या जुमो २११ या इंजिनाचे म्हणून विकत घेतलेले. हातात घेतल्यावर ते आश्चर्य वाटावे इतके हलके लागते, पण गेल्या पावसाळ्यात त्याच्यावर पांढरी भुकटी धरली आणि ती पुसून काढल्यावर खाली बारीक खड्डे दिसले.

चौथ्या वस्तूसाठी मी मुख्यतः लिहीत आहे. चवथीच्या आधी वास्कोच्या एका भंगारवाल्याकडे मला हा पिस्टन दिसला. तो ॲल्युमिनियमचा आहे, माझ्या दोन्ही तळहातांत मावत नाही, डोक्यावर काजळी बसून घट्ट झालेली आहे. भंगारवाल्याने सांगितले की हा ‘जर्मन फायटर’चा पिस्टन असून मुरगावच्या बंदरात लढाईच्या काळात बुडालेल्या जर्मन जहाजांवरून निघालेल्या मालात तो होता. मी त्याला चार हजार रुपये दिले. घरी येऊन पोलादी पट्टीने मोजले तेव्हा व्यास सुमारे १५५ मिलिमीटर भरला. डीबी ६०५ चा सिलिंडर १५४ मिलिमीटरचा असतो हे मला ठाऊक असल्यामुळे मनात आशा आहे, आणि शंकाही आहे.

हा पिस्टन कशाचा असावा, झाकणावरची भुकटी कशी थांबवावी, झडप आणि पिस्टन यांच्यावरील काजळी काढून त्यांना झळाळी द्यावी की नाही, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती. याखेरीज परदेशातील एका विक्रेत्याने मला मेसरश्मिट २६२ या जर्मन लढाऊ विमानाच्या जेट इंजिनाचे एक पाते देऊ केले आहे. ते घ्यावे का?

उत्तर १: जुना फिटर, वास्को

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण विकत घेतल्यानंतरही शंका शिल्लक ठेवणारे संग्राहक थोडे असतात. मी पिस्टन इंजिनांच्या शेवटच्या पिढीवर काम केलेला माणूस आहे आणि दाबोळी विमानतळाच्या परिसरात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे आपल्या पिस्टनविषयी पहिला संशय मला आला तो जर्मनीचा नव्हे, आपल्याच धावपट्टीचा.

आधी मापांकडे पाहू. सिलिंडरचा आतील व्यास इंजिनागणिक ठरलेला असतो आणि तो लपविता येत नाही. डीबी ६०१ चा १५०, डीबी ६०५ चा १५४, जुमो २११ चा पुन्हा १५०, फोके-वुल्फ १९० या लढाऊ विमानातील बीएमडब्ल्यू ८०१ चा १५६, आणि युंकर्स ५२ या तीन इंजिनांच्या मालवाहू विमानातील बीएमडब्ल्यू १३२ चा १५५.५ मिलिमीटर. पिस्टन नेहमी सिलिंडरपेक्षा लहान असतो. ॲल्युमिनियम तापले की पोलादापेक्षा जास्त फुगते, म्हणून थंड असताना मोकळी जागा ठेवावी लागते. त्यातही डोके अधिक तापत असल्याने ते खालच्या घेरापेक्षा आणखी थोडे बारीक कातलेले असते. तेव्हा व्यास मोजताना तो खालच्या घेरावर, गजन पिनच्या, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या खिळीच्या, भोकाशी काटकोनात मोजावा. आपला पिस्टन तेथे खरोखर १५५ मिलिमीटर भरत असेल, तर तो १५४ च्या सिलिंडरात जाऊच शकत नाही. म्हणजे डीबी ६०५ येथेच बाद झाले.

आता उरतात १५५.५ आणि १५६ वाली इंजिने, आणि येथेच खरी गंमतीची, म्हणजे विचार करण्याजोगी गोष्ट आहे. अमेरिकेच्या राइट कंपनीच्या आर-३३५० या अठरा सिलिंडरांच्या रेडियल, म्हणजे क्रँकशाफ्टभोवती वर्तुळात सिलिंडर मांडलेल्या, इंजिनाचा व्यास सव्वासहा इंचांना आठवा भाग कमी, म्हणजे ६.१२५ इंच असतो. मिलिमीटरमध्ये तो १५५.६ होतो. याच इंजिनांवर सुपर कॉन्स्टेलेशन उडत असे. एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आणि तेथून १९७६ साली नौदलाकडे आलेली ही विमाने दाबोळीहून समुद्रावर टेहळणी करीत, आणि त्यांपैकी एक आजही बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उभे आहे. एका विमानाला चार इंजिने, एका इंजिनाला अठरा सिलिंडर, म्हणजे एका विमानात बहात्तर पिस्टन. दुरुस्तीत बदललेला एखादा पिस्टन वास्कोच्या भंगारात सापडणे मला अगदी स्वाभाविक वाटते. मी स्वतः असे पिस्टन सिलिंडरमधून उतरविले आहेत. मे महिन्याच्या दुपारी, घामाने हात निसरडे झालेले असताना, सिलिंडर ओढून घेतला की पिस्टन कनेक्टिंग रॉडवर एका बाजूला कलंडतो आणि त्याचा घेर क्रँककेसच्या कडेवर आपटू नये म्हणून दुसऱ्या माणसाला तो दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागतो. ते वजन माझ्या हातांना अजून आठवते.

आपण म्हणाल की बीएमडब्ल्यू १३२ आणि राइट यांच्या व्यासात इतके साम्य कसे? योगायोग म्हणून हे सोडून देऊ नये. बीएमडब्ल्यूने १९२८ साली अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीकडून हॉर्नेट या नऊ सिलिंडरांच्या इंजिनाचा परवाना घेतला होता आणि १३२ हे त्याच हॉर्नेटचे पुढचे रूप. हॉर्नेटचा व्यासही ६.१२५ इंचच होता. अमेरिकी इंच जर्मन मिलिमीटरमध्ये बसविला गेला तेव्हा तो १५५.५ झाला. म्हणजे ज्या इंजिनाला आपण अस्सल जर्मन समजतो, त्याच्या पोटातही अमेरिकी माप दडलेले आहे. म्हणून केवळ व्यासावरून निकाल देता येणार नाही.

निकाल द्यावा लागेल तो रिंगांच्या खाचांवरून आणि शिक्क्यांवरून. खाचेची रुंदी फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या जुडग्याने, मोजा आणि तीच संख्या इंचातही लिहून पाहा. एका मापात ती सुटसुटीत येईल आणि दुसऱ्यात वेडीवाकडी. जेथे सुटसुटीत येईल ती त्या कारागिराची भाषा. शिक्के पाहण्यासाठी काजळी खरवडू नका. पिस्टन रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी मऊ ब्रशने आतील बाजू, विशेषतः गजन पिनच्या भोवतालचा फुगीर भाग आणि डोक्याची खालची बाजू साफ करा, आणि टॉर्च तिरपा धरून पाहा. जर्मन पिस्टनवर माले या कारखान्याचे नाव किंवा केएस, म्हणजे नेकार्सउल्मच्या कोल्बेनश्मिट कारखान्याची खूण, पुष्कळदा मिळते. अमेरिकी पिस्टनवर नुसता भागक्रमांक आणि तपासनिसाचे लहान गोल शिक्के असतात.

मुरगावच्या जहाजांबद्दलही बोलले पाहिजे. एरनफेल्स, ड्राखनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही जर्मन व्यापारी जहाजे युद्ध सुरू झाल्यावर तटस्थ पोर्तुगीज बंदर म्हणून मुरगावात आश्रयाला थांबली होती, आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिशांच्या राखीव घोडदळातील लोकांनी एरनफेल्सवर छापा घातला तेव्हा खलाशांनीच आपली जहाजे पेटवून बुडविली. घटना खरी आहे आणि आमच्या भागातील म्हाताऱ्या माणसांनी ती आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली आहे. पण म्हणूनच वास्कोत कोणत्याही जुन्या लोखंडाला त्या जहाजांचे नाव चिकटते. त्यांतून विमानाचा पिस्टन निघाला असे म्हणणाऱ्याने कागद दाखवावा.

शेवटी त्या घड्याळाबद्दल, आणि हे कृपया आजच अमलात आणा. युद्धकाळातील तबकड्यांवरील चमकणारा रंग बहुधा रेडियमचा असतो. आकडे तपकिरी पडून चमक गेली याचा अर्थ त्यातील प्रकाश देणारे द्रव्य थकले एवढाच. रेडियमचे अर्धे आयुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे आणि ते आज जवळजवळ पूर्वीइतकेच जिवंत आहे. काच शाबूत असेल तर घड्याळ उघडू नका, काटे साफ करू नका, आकड्यांवर पुन्हा रंग चढवू नका. धोका आहे तो सुटलेल्या रंगाचा कण श्वासावाटे किंवा हातावरून पोटात जाण्याचा. काच तडकलेली असेल तर घड्याळ दुहेरी प्लास्टिक पिशवीत बंद करा. झोपण्याच्या खोलीत किंवा मुलांच्या हाताशी ते मुळीच ठेवू नका. हवा खेळती असलेल्या जागी, कुलपात, वर स्पष्ट चिठ्ठी लावून ठेवा.

उत्तर २: टूलरूम, वेर्णे

वास्कोच्या फिटरकाकांनी पिस्टनचे सर्व सांगितले आहे, त्यात मला भर घालण्यासारखे काही नाही. मी झाकण आणि झडप यांच्याविषयी लिहितो, कारण त्या दोन्ही वस्तू चुकीच्या हातात गेल्या तर अपघात होऊ शकतो.

आपले झाकण ॲल्युमिनियमचे नसून मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असावे. जर्मनीत हा धातू इलेक्ट्रॉन या व्यापारी नावाने ओळखला जाई, आणि वजन वाचविण्यासाठी विमान-इंजिनांची झाकणे, पेट्या, पंपांची घरे त्यातून ओतली जात. खात्री करण्याची सोपी रीत अशी: झाकण स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, मग डिस्टिल्ड पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि झाकण दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असे धरा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटिमीटर त्याचे आकारमान. वजनाला आकारमानाने भागले की उत्तर १.८ च्या आसपास आले तर मॅग्नेशियम, २.७ च्या आसपास आले तर ॲल्युमिनियम. झाकण लगेच पुसून गरम हवेने कोरडे करा. आतल्या बाजूला न दिसणाऱ्या जागी व्हिनेगरचा एक थेंब टाकूनही कळते. मॅग्नेशियमवर तो लगेच फसफसतो.

मॅग्नेशियम ठरले, की ते ग्राइंडरवर, बफवर किंवा सँडब्लास्टच्या नळीखाली नेऊ नये. त्याची बारीक भुकटी ठिणगीने पेटते आणि पेटल्यावर पाणी ओतले तर आग भडकते. आमच्याकडे अशा आगीसाठी कोरड्या वाळूची बादली वेगळी ठेवलेली असते. गंज हाताने काढावा, प्लास्टिकच्या ब्रशने, डिस्टिल्ड पाण्याने ओले करून. नळाचे पाणी नको, त्यातील क्षार पुन्हा तेच करतात. खड्ड्यांत शिल्लक राहिलेले मीठ हाच खरा शत्रू आहे, त्यामुळे दोन-तीन वेळा धुऊन प्रत्येक वेळी पाणी टाकून द्यावे. झाकणात पोलादी स्टड अडकलेले असतील तर त्यांच्या मुळाशी खड्डे अधिक खोल दिसतील, कारण दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल मिळाली की मॅग्नेशियम आपला देह झिजवून पोलादाला वाचविते. असे स्टड जोर लावून काढू नका. आटे तुटून येतात.

नंतर जपणूक. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि फोंडा समुद्रापासून आत असला तरी हवेतील ओल कमी नसते. उघड्या कपाटात कितीही तेल लावले तरी भाग टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर द्या, भाग रबरी कड असलेल्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल आणि शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येते. वर्तमानपत्रात काहीही गुंडाळू नका, तो कागद आम्ल धरतो आणि ओलही ओढतो. पुढे कधी बेअरिंगचे कवच मिळाले तर तेही लाकडी खणात ठेवू नका. त्या काळच्या जर्मन इंजिनांत शिसे मिसळलेल्या ब्राँझचे अस्तर असे, आणि लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी शिसे पांढरे पडते.

झडपेबद्दल एकच पण गंभीर सूचना. डीबी ६०५ च्या एक्झॉस्ट झडपा पोकळ असून आत सोडियम भरलेले असते. सोडियम ९८ अंशांना वितळते आणि चालत्या इंजिनात दांड्यामध्ये वरखाली खळखळत डोक्याची उष्णता दांड्याकडे नेते. जाड दांडा दिसला म्हणजे असेच समजून चालावे. ती झडप कापू नये, भोक पाडू नये, तापवू नये, दांड्याला चीर असेल तर पाण्यात तर मुळीच घालू नये. आत काय आहे ते पाहण्याच्या कुतूहलाने झडप लेथवर चढविणारा एक शिकाऊ मुलगा मी पाहिला आहे. त्याला वेळीच थांबविले म्हणून पुढचे टळले.

झळाळीचे म्हणाल तर माझे मत स्पष्ट आहे: देऊ नका. काजळीचा थर, लेथच्या हत्याराच्या बारीक रेघा, तपासनिसाने मारलेला शिक्का, हे सगळे बफच्या एका फेरीत नाहीसे होते आणि मग हातात राहतो तो चकचकीत धातू, ज्याच्यावरून कोणालाच काही वाचता येत नाही. राखाडी किंवा पिवळट मुलामा असलेले नटबोल्ट मिळाले तर त्यांनाही घासू नका. तो कॅडमियमचा असू शकतो आणि त्याची धूळ विषारी असते.

जाता जाता एक सांगतो, कारण ते मला फार प्रिय आहे. आपल्याला पुढे हिर्थ कंपनीच्या लहान इंजिनांचा, उदाहरणार्थ चार सिलिंडरांच्या एचएम ५०४ चा, क्रँकशाफ्टचा तुकडा मिळाला तर तो सोडू नका. हिर्थचा क्रँकशाफ्ट एकसंध घडीव नसून तुकड्यातुकड्यांनी जोडलेला असे, आणि जोडाच्या तोंडांवर केंद्रापासून बाहेर फाकणारे दाते असत, जे एकमेकांत बसले की जोड आपोआप मध्यावर येई. त्यामुळे अखंड रोलर बेअरिंग दांड्यावर चढवून नंतर क्रँक जोडता येत असे. आज आमच्या शेडमधील संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्राचा हत्यारे धरणारा टरेट प्रत्येक वेळी फिरून ज्या दात्यांवर अचूक बसतो, ते हिर्थचेच दाते. दिवसातून शेकडो वेळा तो ‘खट्’ असा आवाज ऐकतो तेव्हा मला त्या इंजिनाची आठवण होते.

उत्तर ३: संग्राहक, बेळगाव

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो. मेसरश्मिट २६२ वरील जुमो ००४ हे मोठ्या संख्येने तयार होऊन लढाईत उतरलेले पहिले जेट इंजिन. युद्धाच्या अखेरीस जर्मनीकडे निकेल उरले नव्हते, म्हणून त्याच्या नंतरच्या रूपात टर्बाइनची पाती निकेलविरहित क्रोमाडुर पोलादाच्या पत्र्यापासून वळवून, मागची कड जोडून, पोकळ केलेली असत आणि आतून हवा खेळवून ती थंड ठेवली जात. इतके करूनही इंजिनाचे आयुष्य दहा ते पंचवीस तासांचेच असे. विक्रेत्याकडे बुडाच्या बाजूचे आणि मागच्या कडेचे जवळून घेतलेले छायाचित्र मागा. पाते पोकळ आहे की भरीव, आणि कडेला जोड दिसतो की नाही, एवढ्यावरून पुष्कळ कळेल.

तथापि माझा पहिला प्रश्न पाते खरे की खोटे हा नसून ते कोठून आले हा आहे. युद्धात कोसळलेल्या विमानांच्या जागा खणून काढलेला माल बाजारात येतो, आणि अशा जागी वैमानिकाचे अवशेष असू शकतात. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने परवान्याशिवाय अशा विमानांना हात लावणे गुन्हा आहे. ज्या भागावर माती आणि जळल्याच्या खुणा आहेत पण ठिकाणाचा उल्लेख नाही, तो मी घेत नाही. आपणही घेऊ नये असे मला मनापासून वाटते. युद्धानंतर कारखान्यांच्या आणि विमानदलांच्या साठ्यातून सुटलेले भाग पुरेसे आहेत.

त्या साठ्यांविषयी हे ध्यानात ठेवा की ‘जर्मन’ इंजिन जर्मनीतच बनलेले असेल असे नाही. डीबी ६०५ स्वीडनमध्ये साब विमानांसाठी परवान्याने तयार होत असे, इटलीत फियाटने ते केले, आणि त्याआधीचे ६०१ जपानमध्ये कावासाकी व आयची या दोघांनी केले. चेकोस्लोव्हाकियाने युद्धानंतर मेसरश्मिट १०९ च्याच सांगाड्यात जुमो २११ बसवून एस-१९९ हे विमान उडविले. आपले झाकण तेथूनही आलेले असू शकते, आणि त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही, फक्त चिठ्ठीवर तसे लिहावे लागते. जर्मन हवाई मंत्रालयाने पिस्टन इंजिनांना क्रमांक देताना शेकडा कंपनीनुसार वाटला होता: २०० चा युंकर्सला, ४०० चा आर्गसला, ५०० चा हिर्थला, ६०० चा डाइमलर-बेंझला, तर १०० आणि ८०० चा बीएमडब्ल्यूला. पाटीवरचा क्रमांक आणि विक्रेत्याचे बोलणे या वाटणीशी जुळत नसेल तर तेथेच थांबावे.

आयातीचे नियम थोडक्यात: वापरलेल्या वस्तू, भांडवली यंत्रे सोडून, आपल्या विदेश व्यापार धोरणात प्रतिबंधित वर्गात येतात आणि त्यांना विदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते. पिस्टन इंजिनाचा भाग म्हणून सीमाशुल्काचे शीर्षक ८४०९ आणि ऐतिहासिक संग्राह्य वस्तू म्हणून ९७०५ यांत फरक आहे. पार्सल निघण्यापूर्वीच सीमाशुल्क दलालाकडून हे लेखी ठरवून घ्या. माझे एक पार्सल केवळ वर्णनात ‘एअरक्राफ्ट पार्ट’ एवढेच लिहिल्यामुळे पाच महिने अडकून पडले होते आणि ओलीने आतला भाग खराब झाला. रेडियमची तबकडी असलेले काहीही टपालाने मागवू नका. पहिल्या महायुद्धातील, म्हणजे शंभर वर्षांहून जुना भाग भारतात आणला तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार तो परत परदेशी विकता येणार नाही, याचीही जाणीव असू द्या.

प्रश्नकर्ता: फोंडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या आठवड्यात आपण सांगितल्याप्रमाणे मी सर्व करून पाहिले.

झाकण काट्यावर ६१२ ग्रॅम भरले आणि आकारमान ३३८ घन सेंटिमीटर आले, म्हणजे भागाकार १.८१. मॅग्नेशियमच आहे. तीन वेळा धुऊन, मेण लावून ते डब्यात बंद केले आहे. आर्द्रतामापक आज सकाळी ३६ दाखवीत होता, खोलीत मात्र ८४ होता. झडपेला हात लावलेला नाही. घड्याळ माडीवरच्या कुलूपबंद पेटीत गेले, वर चिठ्ठी लावली आहे.

पिस्टन एक रात्र रॉकेलमध्ये ठेवला. सकाळी रॉकेल काळे झाले होते आणि गजन पिनच्या भोकाच्या कडेला, आतल्या बाजूने, एक क्रमांक आणि त्याच्या शेजारी दोन लहान गोल शिक्के दिसले. माले नाही, केएस नाही, कोणतेही जर्मन अक्षर नाही. वडिलांच्या जुन्या व्हर्नियरने खालच्या घेरावर व्यास १५४.९ भरला. रिंगांच्या तिन्ही खाचा मी मिलिमीटरमध्ये मोजल्या तेव्हा आकडा कोठेच नीट बसेना. इंचात मांडल्यावर तिन्ही सुटसुटीत आल्या. ती वही पुढ्यात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. वाईट वाटले असे म्हणणे खरे होणार नाही. ज्या विमानाला बोगमाळोला जाताना मी लहानपणी कुंपणापलीकडून पाहिले, त्याच्या इंजिनाचा पिस्टन माझ्या टेबलावर असू शकतो, हे माझ्यासाठी कोणत्याही फायटरपेक्षा मोठे आहे.

जेटचे पाते घेणार नाही असे विक्रेत्याला कळविले. ठिकाण विचारले तेव्हा त्याने उत्तर दिले नाही. पिस्टनच्या डब्यावर सध्या एवढेच लिहिले आहे: ‘अमेरिकी मापाचा रेडियल इंजिनाचा पिस्टन, व्यास १५४.९, बहुधा राइट. वास्को येथे भंगारात मिळाला. विक्रेत्याचे सांगणे वेगळे होते, ते मागील बाजूस नोंदले आहे.’ यातील ‘बहुधा’ काढता येईल का, हे फिटरकाकांनी सांगावे.

जुना फिटर, वास्को

अजून काढू नका. राइटच्या नऊ सिलिंडरांच्या आर-१८२० चाही व्यास ६.१२५ इंचच आहे, फक्त त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, अधिक लांब असतो, आणि पिस्टनवरून स्ट्रोक कळत नाही. भागक्रमांक जुळविला की ठरेल. रविवारी दहानंतर पिस्टन घेऊन घरी या, वही आणि व्हर्नियरही आणा. माझ्याकडचा मायक्रोमीटर इंचातला आहे, या कामाला तोच बरा.